हा ह्या गाडीचा स्वभावच आहे

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उंचीला सहा फूट एक इंच आहेत आणि बोलायला दीड वाक्य. पूर्ण वाक्य असं, "हा ह्या गाडीचा स्वभावच आहे, साहेब." अर्धं वाक्य म्हणजे "बघतो." महागड्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तक्रारी लिहून घ्यायचं काम त्यांनी एकवीस वर्षं ह्या दीड वाक्यावर रेटलं. वर्कशॉपमधले लोक त्यांना पाठीमागे 'स्वभाव' म्हणतात. "स्वभाव आले का?" "स्वभाव जेवायला गेलेत." मीही म्हणतो. मेहुणा असलो म्हणून काय झालं, मीही दिवसभर त्याच छपराखाली असतो, स्पेअर पार्टच्या खिडकीत. ही नोकरी मला दाजींनीच लावली आणि ते त्यांनी आजवर कधी बोलून दाखवलं नाही.

ते वाक्य त्यांचं स्वतःचं नाही. कंपनीनं दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊन शिकवलंय. त्यातलं तत्त्व फार सोपं आहे. एका गाडीत असेल तर तो बिघाड. सगळ्या गाड्यांत असेल तर तो स्वभाव. रात्रभर उभी केली की पुढून खाली बसणारी गाडी, छताची काच नीट लावूनसुद्धा पावसात ड्रायव्हरच्या डाव्या कानावर थेंब टाकणारी गाडी, दाराचे हँडल आत लपवलेली आणि थंडीत ते बाहेर काढायला विसरणारी गाडी, सगळ्यांचे आपापले स्वभाव. आणि स्वभावाला औषध नाही, हे तर आपल्याकडे आधीपासून म्हणतातच. कंपनीला फक्त ट्रेनिंगचा खर्च आला.

माझी स्कूटर चौदा वर्षांची आहे. तिचा हॉर्न सोडून सगळं वाजतं. मी तिला कधी शिवी दिली नाही, कारण मी तिच्याकडून कधी काही मागितलंच नाही. आमच्याकडे येणारा माणूस तसा नसतो. गाडी बिघडली म्हणून तो चिडत नाही, *आपली* गाडी बिघडली म्हणून चिडतो. एक गृहस्थ तर आले होते, म्हणे शेजाऱ्याच्या ह्याच गाडीचं दार लागताना 'थप्प' वाजतं आणि माझं नुसतं 'थप'. दाजींनी तेही लिहून घेतलं. गाडीत क्लिपा प्लास्टिकच्या, नळ्या प्लास्टिकच्या, आणि वरून लाकूड दिसेल असा कागद चिकटवलेला. बडा घर पोकळ वासा. मी क्लिपा बरणीत भरून ठेवतो, मला विचारा. पण मालकाला वाटतं की एवढी महाग वस्तू घेतली म्हणजे बिघडणं हा प्रकार आपल्या आयुष्यातून गेला.

आता जॉब कार्डाचं सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. गाडी आत आली की एक कार्ड बनतं. त्यात तीन रकाने. तक्रार, निदान, उपाय. तक्रारीच्या रकान्याची सुरुवात छापलेलीच असते, "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार". म्हणजे काय, तर गाडी जळून कोळसा झालेली तुमच्यासमोर उभी असली तरी लिहायचं, ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी जळाली आहे. निदानात बहुतेक वेळा "दोष आढळला नाही." उपायात "सॉफ्टवेअर अपडेट केलं." आमच्या मॅनेजरसाहेबांचा अपडेटवर फार विश्वास. ब्रेक वाजतोय, अपडेट करा. काच वर जात नाही, अपडेट करा. एकदा कुणीतरी मागच्या सीटखाली उंदीर मेलाय म्हणून सांगत आला, तेव्हाही साहेबांनी आधी कॉम्प्युटरच लावायला सांगितला होता.

दाजी हे सगळं वर्कशॉपमध्येच ठेवून घरी आले असते तर बरं झालं असतं. पण माणूस एकवीस वर्षं एकच वाक्य बोलला की ते तोंडाला चिकटतं. ताईचा उजवा खांदा दुखतो. कधीपासून दुखतो ते तिलाच ठाऊक, मी ऐकतोय तेव्हापासून दुखतोय. स्वयंपाक झाला की ती भिंतीला टेकून उभी राहते आणि हात झटकते. "अहो, आज फारच दुखतोय हो." दाजी पेपरातून मान वर काढून म्हणतात, "वयाचा स्वभाव आहे." ताई माझ्याकडे बघते. मी मूग गिळून चहा पितो. डॉक्टरांनीही फोटो काढून काही नाही म्हणून सांगितलंय. दोष आढळला नाही.

असे आमचे दाजी. आणि त्यांच्यासमोर एके सकाळी डॉक्टरीणबाई येऊन बसल्या.

बाई पंचाहत्तरच्या. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात ना, त्या डॉक्टर. चौतीस वर्षं लोकांना झोपवलं आणि सगळ्यांना परत उठवलं, असं त्या सांगायच्या. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली, एकट्या राहायच्या, सगळीकडे स्वतः गाडी चालवत जायच्या. उंची माझ्या खिडकीच्या फळीएवढी. आमची गाडी त्यांनी मोठ्या हौसेनं घेतलेली. का घेतली म्हणून दाजींनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "म्हातारपणी घरातलं सगळंच बिघडायला लागतं. म्हटलं, एक तरी वस्तू अशी असावी की जिच्याकडे बघावं लागणार नाही."

त्यांची तक्रार अशी. गाडी चालू असताना समोरचा पडदा काळा होतो. काटे पडतात, दिवे जातात, गाडी रस्त्यात मरते. मिनिटभरानं, कधी दोन मिनिटांनी, आपोआप परत येते. त्यांनी एका छोट्या वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. तारीख, वेळ, कुठला चौक, पेट्रोल किती, ऊन का ढग. अक्षर इतकं सुंदर की डॉक्टरचं आहे ह्यावर कुणाचा विश्वास बसू नये.

सात महिन्यांत त्या चार वेळा आल्या. चारही वेळा आम्ही गाडी ठेवून घेतली, फिरवली, कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणायचा, मधूनच वीज कमी पडल्यासारखं झालंय. साहेब म्हणायचे, बाई गाडी फार कमी चालवतात म्हणून बॅटरी उतरत असेल, अपडेट करा. गाडी आमच्याकडे असताना एकदाही बंद पडली नाही. चार वेळा दाजींनी लिहिलं, "दोष आढळला नाही." चार वेळा कार्डाची प्रत बाईंच्या हातात दिली.

त्या प्रती बाईंच्या मुलानं गोळा केल्या.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो आईच्या काळजीनं अर्धा झाला होता. चौथ्या वेळी तो बरोबर आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये बसला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, खरं सांगा, एवढ्या महाग गाडीत असं होऊ शकतं?"

साहेब हसले. म्हणाले, "आमच्या गाडीत? अहो, कसं शक्य आहे."

"मग आईलाच काहीतरी होतंय."

 साहेबांनी होकारार्थी मान हलवली. ती मान मी पाहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चार कागद एकीकडे, आई एकीकडे. आणि कागदावर कंपनीचा शिक्का होता.

पाचव्या वेळी बाई एकट्या आल्या. दाजींसमोरच्या खुर्चीत बसल्या, वही काढली नाही. मी तेव्हा एका पार्टवर दाजींची सही घ्यायला तिथे उभा होतो.

"बघा," त्या म्हणाल्या, "मुलाचं आणि माझं ठरलंय. ह्या वेळीही तुम्हाला काही सापडलं नाही तर मी गाडी विकणार, घर बंद करणार आणि त्याच्याकडे राहायला जाणार. मेंदूच्या डॉक्टरची वेळही घेतलीय त्यानं. घराच्या किल्ल्या आज सकाळीच नेल्या, घर कुणाला तरी दाखवायचंय म्हणे. मी शब्द दिलाय."

दाजी म्हणाले, "बघतो."

"आमच्या कामात कसं असतं सांगू? मशीन म्हणतं पेशंट ठीक आहे, आणि पेशंटचा रंग बदललेला दिसतो. मग आम्ही मशीनकडे बघत बसत नाही, आधी पेशंटकडे बघतो. तुम्ही चार वेळा मशीनकडे बघितलंत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगायचं तर आता मलाच भीती वाटायला लागलीय. पडदा काळा होतो तेव्हा गाडीत होतो की माझ्या डोळ्यांपुढे होतो, मला नक्की सांगता येत नाही. हे मी मुलाला सांगितलेलं नाही."

दाजींनी पेन उचललं. तक्रारीच्या रकान्यात छापील शब्दांच्या पुढे काहीच लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तीन दिवस द्या. शुक्रवारी चार वाजता या."

ते तीन दिवस आमच्या दाजींचं काय झालं ते विचारू नका. ती वही त्यांनी मागून घेतली आणि वहीप्रमाणे गाडी फिरवली. बाई बुधवारी सकाळी दहाला भाजीला गेल्या होत्या, तर हे बुधवारी सकाळी दहाला त्याच बाजारात. त्याच चौकात तेच डावं वळण, तसाच जोरात ब्रेक. भाजीचं वजन लागत असेल म्हणून मागच्या सीटवर पाच किलो बटाटे ठेवले. रेडिओवर बाई जे स्टेशन लावायच्या ते लावलं आणि दोन तास कुणीतरी आरोग्यावर देत असलेलं व्याख्यान ऐकलं. मी म्हटलं, "दाजी, आता साडी तेवढी राहिली." हसले नाहीत. गाडी लोण्यासारखी चालत होती. मला तर त्या गाडीचा राग यायला लागला. एरवी पाहुण्यांदेखत बंद पडणारी जात, आणि आता बघा किती शहाण्यासारखी वागतेय.

घरी जेवताना ताई म्हणाली, "भात घ्या ना अजून." दाजी म्हणाले, "बघतो." आणि उठून हात धुतले. ताईनं मला खुणेनं विचारलं, काय झालंय? मी सांगितलं. ती म्हणाली, "बाई सांगतेय म्हणजे होत असणार. बायका काय हौसेनं तक्रार करतात का?" आणि खांदा चोळत भांडी गोळा करायला लागली.

शुक्रवार उजाडला. तीन वाजता दाजींनी शेवटची चक्कर मारली. काही नाही. गाडी धुऊन झाली. साहेबांनी कॉम्प्युटरवर कार्ड बंद करून टाकलं होतं, दोष आढळला नाही, अपडेट केलं. दाजींची सही तेवढी बाकी होती. चारला दहा मिनिटं असताना दाजी गाडी आणायला गेले.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या दारावर बटणं असतात, एक, दोन, तीन. मालकानं आपली सीट एकदा मनासारखी बसवून घेतली आणि एक नंबर दाबून ठेवला की गाडी ते लक्षात ठेवते. मग मध्ये कुणीही बसो, एक नंबर दाबला की सीट आपोआप मालकाच्या मापात येते. वर्कशॉपमध्ये गाडीत बसणारा प्रत्येक जण आधी काय करतो? सीट मागे सरकवतो. ह्यात गुन्हा नाही, गुडघे सगळ्यांनाच असतात. दाजींना तर ती पार शेवटच्या टोकाला न्यावी लागते. काम झालं की गाडी दारात आणायची, खाली उतरायचं, प्लास्टिकचं कव्हर काढायचं, पायाखालचा कागद काढायचा, मग बाहेरून वाकून एक नंबर दाबायचा. सीट हळूहळू पुढे जाते, मालक येऊन बसतो, त्याला वाटतं माझ्या गाडीत दुसरं कुणी बसलंच नव्हतं. ह्या बटणाचा दाजींना फार अभिमान. नव्या माणसाला ते हे पहिल्या दिवशी शिकवतात.

त्या दिवशी दाजींनी गाडी दारात आणली. दार उघडलं. डोक्यात काय चाललं होतं देव जाणे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते उतरायचं विसरले आणि बसल्या जागीच त्यांनी एक नंबर दाबला.

मी खिडकीतून बघत होतो. सीट निघाली. दाजींना घेऊन निघाली. आधी गुडघे स्टिअरिंगला लागले, मग गुडघे वर आले, मग पोट लागलं. सीट थांबेना, ती चार फूट दहा इंचांच्या बाईला शोधत चालली होती. वरही उचलली गेली, दाजींचं डोकं छताला टेकलं. एकदा हॉर्न वाजला. आणि गाडी गप्प झाली. पडदा काळा. दिवे गेले. सीट जिथे होती तिथे अडकली आणि सीट नि स्टिअरिंगच्या मध्ये आमचे दाजी.

मी धावलो. धुणारे धावले, मेकॅनिक धावले. मी दाजींचा दंड धरला.

"हात लावू नका!" दाजी ओरडले. एकवीस वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "कुणी हात लावायचा नाही! बिघडलीय! गाडी बिघडलीय!"

"दाजी, श्वास घेता येतोय ना?"

"येतोय थोडा. पडदा बघ, पडदा! काळा आहे ना? तुलाही काळा दिसतोय ना?"

"काळा आहे, दाजी."

"आणि तुला?" त्यांनी गाडी धुणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, काळाकुट्ट. दाजींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. लग्नातल्या फोटोतसुद्धा ते एवढे खूश नाहीत. तो अल्बम मी चाळीस वेळा पाहिलाय.

साहेब आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "अपडेट करून बघू या." दाजींना मान वळवता येत नव्हती. छताशी बोलल्यासारखे म्हणाले, "साहेब, आज कॉम्प्युटर लावलात तर मी राजीनामा देईन." साहेब दोन पावलं मागे सरले. स्टिअरिंगमध्ये अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं ह्याचं ट्रेनिंग त्यांना नव्हतं.

बरोबर चारला डॉक्टरीणबाई आणि मुलगा आले. लोक बाजूला झाले. बाई उघड्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी दाजींकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पडद्याकडे.

"बंद आहे?"

"बंद आहे, डॉक्टर."

"कधी झालं?"

"चारला सहा मिनिटं होती."

"कशानं झालं?"

"मी तुमच्यासारखा बसलो म्हणून."

बाईंनी दाजींच्या खिशातून आपली वही काढून घेतली, पर्समधून पेन काढलं, आणि तारीख, वेळ, जागा लिहिली. मग म्हणाल्या, "ऊन आहे." तेही लिहिलं.

मी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झालो आणि सीटखाली डोकं घातलं. ह्या गाडीचं डोकं, म्हणजे सगळी वीज सांभाळणारा कॉम्प्युटरचा डबा, ड्रायव्हरच्या सीटखाली बसवलेलं असतं. तिथेच का, ते बनवणाऱ्याला विचारा. सगळ्या वायरी त्या डब्यात जातात. त्या वायरींची जुडी ज्या क्लिपनं सीटला बांधतात ती क्लिप कारखान्यात कुणीतरी पुढच्या भोकात लावायची ती मागच्या भोकात लावली होती. झालं. वायर चार बोटं कमी पडत होती. सीट मागे असली की सैल. उंच माणसाला आयुष्यभर कळणार नाही. सीट पार पुढे आणि पार वर गेली की ताणून टणक, आणि जोरात ब्रेक मारला, वळण घेतलं की डब्यापासून जरा सुटायची. आज दाजींच्या वजनानं पूर्णच निसटून लोंबत होती. आणि दर वेळी आम्ही काय केलं? आधी सीट मागे घेऊन बिघाड घालवला, मग तो शोधत गावभर हिंडलो, आणि शेवटी सेवा म्हणून एक नंबर दाबून तो मालकिणीला परत केला. काखेत कळसा नि गावाला वळसा. बटाट्यांसकट.

वायर मी दाबली, पडदा उजळला. साहेब म्हणाले, "चला, झालं." दाजी म्हणाले, "नाही. परत काढ." तीन वेळा मी वायर काढली आणि लावली, तीन वेळा त्यांनी बाईंच्या मुलाला पडदा काळा होताना बघायला लावलं. चौथ्या वेळी त्यांनी सीट मागे घ्यायची परवानगी दिली. बाहेर आले तेव्हा शर्टावर स्टिअरिंगचा अर्धा गोल उठला होता.

मग कार्डाची वेळ आली. साहेबांनी मध्ये पडून कॉम्प्युटरवर टाइप केलं, "ग्राहकाच्या बसण्याच्या सवयीमुळे." दाजींनी ते वाचलं. छापील कोरं कार्ड घेतलं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार' ह्या शब्दांवर रेघ मारली आणि पेनानं लिहिलं, "गाडी चालू असताना बंद पडत होती. क्लिप चुकीच्या भोकात होती, वायर ताणली जात होती. ग्राहक बरोबर होत्या. आधीच्या चारही वेळा ग्राहक बरोबर होत्या. तपासण्यात आमची चूक झाली." खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावरचा शिक्का घेऊन मारला.

"असं लिहायची पद्धत नाही आपल्याकडे," साहेब म्हणाले.

"बघतो," दाजी म्हणाले आणि कार्ड बाईंना दिलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला, पण डोळे ओलेच राहिले. कार्ड मुलासमोर धरलं. "वाच. मोठ्यानं वाच."

मुलगा वाचायला लागला. "ग्राहक बरोबर होत्या" इथपर्यंत आला आणि आईकडे वळला. "आई, मला वाटलं... अगं, चार कागद होते माझ्याकडे."

"माहीत आहे रे. मलाही तेच वाटायला लागलं होतं." त्यांनी हात पुढे केला. "किल्ल्या."

त्यानं खिशात हात घातला आणि घराच्या किल्ल्या आईच्या हातावर ठेवल्या. बाईंनी मूठ मिटली.  गाडी त्यांनी महिन्याभरानं विकली ती विकलीच. आता एक साधी छोटी गाडी चालवतात. म्हणतात, हिची सगळी तक्रार मला ऐकू येते.

कंपनीनंही धडा घेतला. पुढच्या आठवड्यात वर्कशॉपभर परिपत्रक लागलं, "सीटचं बटण कर्मचाऱ्यानं गाडीबाहेर उभं राहूनच दाबावं." खाली साहेबांची सही.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. आम्ही दोघं घरी आलो. मी ताईला सगळं रंगवून सांगितलं, दाजी कसे अडकले, कसे ओरडले. ती हसून हसून वाकली आणि तशीच हसत चहा करायला ओट्याकडे वळली. पातेलं उतरवताना तिनं हात झटकला. "आई गं."

दाजी तिच्याकडे बघत होते. मग तिच्याकडे नाही, ओट्याकडे बघायला लागले. हा ओटा घर घेतलं तेव्हा दाजींनी गवंड्यासमोर स्वतः उभं राहून करून घेतला होता. ताई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. गवंडी म्हणाला, किती उंच? दाजींनी आपल्या कमरेला हात लावून दाखवला. इतका. वाकायला लागू नये म्हणून. सगळ्यांनी कौतुक केलं होतं, बायकोची किती काळजी बघा. ताईची उंची आहे चार फूट अकरा.

दाजी उठले. ओट्यापाशी गेले. "सरक जरा," म्हणाले. आणि गुडघे वाकवून, वाकवून, ताईच्या खांद्याला आपला खांदा लागेपर्यंत खाली आले. तिथे तसेच अर्धे बसलेले, हातात सुरी घेऊन गाडीतल्या त्या पाच किलोंतले उरलेले बटाटे चिरायला लागले. हात वर उचलावा लागत होता, कोपर पार खांद्याच्या बरोबरीनं. एक बटाटा झाला. दोन झाले. तिसऱ्याला त्यांनी सुरी खाली ठेवली आणि आपला उजवा खांदा धरला.

कुणी हसलं नाही.

"अकरा वर्षं," ताई म्हणाली.  "अकरा वर्षं सांगतेय मी. दर वेळी वयाचा स्वभाव. सुरुवातीला चाळिशीचीसुद्धा नव्हते हो मी! मला वाटायचं मीच कुरकुरी आहे. मलाच काम होत नाही."

"चुकलं माझं," दाजी म्हणाले. तसेच गुडघे वाकवून उभे होते, उठायचं सुचलं नसावं. "उद्याच गवंडी आणतो."

"गवंडी तर आणाच." ताईनं पदरानं डोळे पुसले, फ्रिजवरची वाण्याची यादी काढली, उलटी करून त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवली आणि वर पेन आपटलं. "आधी मलाही लिहून द्या."